वीर्यतपासणीसाठी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून येऊ नका

ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन सुरू असलेले बरेच जण तपासणीच्या आठ दिवस आधी गोळी स्वतःच सोडतात आणि ‘आता खरा रिपोर्ट येईल’ म्हणतात. तो येत नाही. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला जवळपास तीन महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांच्या खाड्याने नमुन्यात फरक पडत नाही. कोलेस्टेरॉल मात्र तेवढ्यात चढू लागतं. स्टेंट टाकलेल्यांना हा खाडा जिवावर बेतू शकतो. गोळी बदलायची की थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही फक्त पाकीट सोबत आणा. नाव आणि मिलिग्रॅम आम्ही रिपोर्टवर लिहितो.

या गोळीने वीर्यावर परिणाम होतो का, ही शंका निराधार नाही. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कोलेस्टेरॉलपासूनच बनतं आणि ही गोळी यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी करते. काही अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन किंचित उतरलेलं दिसलं; वीर्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. या गोळीने वंध्यत्व येतं असं सिद्ध झालेलं नाही. रिपोर्ट कमी आला तर आधी खर्रा (तंबाखू-सुपारी), मागच्या तीन महिन्यांतला मोठा ताप आणि अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा यांचा विचार करा. ‘ताकदीचं’ म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर घेऊच नका, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

नमुना इथेच द्या, असा आमचा आग्रह असतो. त्यासाठी कडीची स्वतंत्र खोली आहे. खेड्यावरून एसटीने आणलेला नमुना तासाच्या वर गेला की शुक्राणूंची हालचाल मंदावते. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवला तर विचारूच नका. आधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन नको. साधा कंडोम, तेल, थुंकी चालत नाही. पहिले थेंब सांडले असतील तर सांगा, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात.

मिलिलिटरला 1 कोटी 60 लाखांपेक्षा कमी संख्या आली, तरी एका रिपोर्टवर घाबरू नका. दुसरी तपासणी करावीच लागते. डॉक्टरांनी औषध बदललं असेल तर ती तीन महिन्यांनीच करा. लगेच केली तर पैसे वाया जातात, म्हणून आम्हीच थांबायला सांगतो. टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी 10 च्या आत उपाशीपोटी या, त्याच रक्तात लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) ही होते.