‘आरएफआयडी ब्लॉकिंग’ बॅगेचा बागुलबुवा

‘गर्दीत चोर नुसतं मशीन बॅगेजवळ नेतो आणि कार्डातले पैसे उडवतो, म्हणून आरएफआयडी ब्लॉकिंगवालीच स्लिंग बॅग घ्या,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आरएफआयडी ब्लॉकिंग म्हणजे कार्डाच्या रेडिओ लहरी अडवणारं बॅगेच्या आतलं अस्तर. पण कॉन्टॅक्टलेस कार्ड, म्हणजे मशीनजवळ नुसतं धरून पैसे देता येतात ते, जेमतेम काही सेंटिमीटरवरून चालतं, दर व्यवहाराला नवा सांकेतिक कोड तयार होतो आणि पैसे जातात ते नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खात्यात. भारतात २०२१पासून पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच जातात. हवं तर ही सोय बँकेच्या अ‍ॅपमधून बंदही करता येते. मग त्या अस्तरासाठी जादा पैसे कशाला? दादरच्या पुलावरच्या चोराला असलं मशीन लागतच नाही. तो बॅगेची चेन उघडतो, नाहीतर पट्टा कापतो. त्यामुळे चेन अडकवायचा हूक, पट्ट्यातली स्टीलची तार आणि आतला चोरकप्पा बघून घ्या. आणि बॅग पाठीवर नको, पोटाशी.