न तापवलेली साके

साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं जपानी मद्य, बाटलीत जाईपर्यंत सहसा दोनदा तापवलं जातं: साठवणीआधी एकदा आणि बाटलीत भरताना पुन्हा, साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला. जपानच्या नारा शहरातल्या एका मठाच्या रोजनिशीत सोळाव्या शतकातच या तापवणीची नोंद आहे. तापवून जंतू मारण्याची पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो लुई पाश्चर त्यानंतर तीनशे वर्षांनी आला.

दोन्ही वेळा न तापवलेली ती नामाझाके. हिला ‘जिवंत साके’ म्हणून खपवतात, पण यीस्ट तर बहुतेक गाळणीतच निघून जातं. जागी राहतात ती विकरं, म्हणजे एन्झाइम्स. तांदळावर वाढवलेल्या कोजी बुरशीची ही विकरं पिष्टाची साखर करतात, आणि उष्णतेने मोडली नाहीत तर बाटलीतही कामाला लागलेली असतात. त्यामुळे साके हळूहळू गोडसर होत जाते. कोजीचंच दुसरं एक विकर आयसोअमाइल अल्कोहोलचं आयसोव्हॅलेराल्डिहाइड करतं आणि बाटलीला कोंदट वास येतो. शिवाय ‘हिओची’ जीवाणू! मद्यार्कात बाकीचे जीवाणू मरतात, हे मात्र तिथे सुखाने वाढतात आणि साके गढूळ, आंबट करून टाकतात. म्हणून नामाझाके पाच अंशांच्या खाली ठेवायची. थंडीने हे सगळं मंदावतं, थांबत नाही.

चाखताना चिमुकल्या कपाऐवजी वाइनचा ग्लास घ्या, वास नीट कळतो. ताज्या बाटलीत खरबूज किंवा नाशपातीसारखा वास येतो, जिभेवर कार्बन डायऑक्साइडची बारीक चुणचुण होते आणि मागून गोडवा येतो. अर्धा ग्लास तसाच राहू द्या. थोडा कोमट झाला की कोंदटपणा असला तर लपत नाही.

एवढ्या भरदार चवीपुढे नाजूक पांढऱ्या माशाची साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, हरवून जाते, माझ्या मते तो घाट घालूच नये. वसंतात जपानी लोक फुकिनोतो या रानभाजीच्या कडवट कळ्यांचा टेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली भजी, करतात. त्याचा कडूपणा आणि साकेचा गोडवा एकमेकांना छान सांभाळून घेतात. तळलेलं काराआगे चिकनही उत्तम. तेलकट मासा मात्र बिनधास्त चालतो. वाइनमधल्या लोहाची माशातल्या मेदाशी क्रिया होऊन तोंडात हिवसा वास राहतो. साकेत लोह नावालाच असतं, कारण ते कोजीतल्या एका द्रव्याशी जोडलं गेलं की साके तांबूस होते, म्हणून कारागीर मुळात पाणीच कमी लोहाचं निवडतात.