पेशीभित्तिकेच्या बहुशर्करा घडवणारी एंझाइमे

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व पेक्टिन या बहुशर्करा एकेक शर्करा जोडून तयार करणाऱ्या एंझाइमांना ग्लायकोसिलट्रान्सफरेझ म्हणतात. त्यांना लागणारा कच्चा माल म्हणजे यूडीपी-ग्लुकोजसारख्या न्यूक्लिओटाइड-शर्करा, म्हणजे न्यूक्लिओटाइड रेणूला जोडलेल्या शर्करा. या शर्करांच्या शोधाबद्दल अर्जेंटिनाचे लुईस लेलवार यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुण्यातील महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या तासाला मक्याच्या खोडाचा पातळ काप घेऊन त्यावर आयोडीन आणि सल्फ्युरिक अम्ल टाकले, की सेल्युलोज निळे होते. मात्र ते घडवणारे एंझाइम साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ते पेशीपटलात रुतलेले असते. गोठवून फोडलेल्या पटलाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रांत १९८० साली मक्यातच त्याचे सहा पाकळ्यांचे संकुल दिसले. हे सेल्युलोज सिंथेझ आतल्या बाजूने ग्लुकोज घेते, बीटा-१,४ बंधाने (एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनला जोडणाऱ्या बंधाने) साखळीला जोडते आणि वाढणारी साखळी पटलातून बाहेर सरकवते. अशा अनेक साखळ्या (सध्याच्या अंदाजानुसार १८) एकत्र येऊन सूक्ष्मतंतू बनतो. संकुल कोणत्या दिशेने सरकेल हे पटलाखालच्या सूक्ष्मनलिका बहुतांशी ठरवतात, आणि पेशी आडवी फुगते की लांब वाढते हे तंतूंच्या त्या मांडणीवर अवलंबून असते.

हे एंझाइम हाताळायला फार अवघड. पटल फोडून अर्क काढला, तर सेल्युलोजऐवजी बहुतेक वेळा बीटा-१,३ बंधांचे कॅलोज, म्हणजे ग्लुकोजचीच दुसरी बहुशर्करा, हाती येई, त्यामुळे संशोधन दीर्घकाळ रखडले. वनस्पतींमधील सेल्युलोज सिंथेझची जनुके अखेर १९९६ मध्ये कापसात ओळखली गेली, आणि हे स्वाभाविकच होते. कारण सरकीवरचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असून वाढीच्या उत्तरार्धात ती जवळजवळ केवळ सेल्युलोजच बनवते. पॉप्लर वृक्षाच्या अशा एका एंझाइमाची त्रिमितीय रचना २०२० मध्ये उलगडली.

हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन मात्र गॉल्जी पिंडात तयार होऊन पुटिकांतून भित्तिकेकडे जातात. पेक्टिनचा कणा जोडणारे गॉट१ हे एंझाइम २००६ मध्ये ओळखले गेले. पेरूची जेली घट्ट बसते ती पेक्टिनमुळे. ज्वारी, गहू यांसारख्या तृणकुलातील वनस्पतींच्या भित्तिकेत पेक्टिन कमी असते. त्याऐवजी बीटा-१,३ आणि बीटा-१,४ असे दोन्ही बंध असलेले मिश्र ग्लुकान (ग्लुकोजची बहुशर्करा) आढळते. भाताची त्यासंबंधीची सीएसएलएफ जनुके अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीमध्ये घातल्यावर, जे ग्लुकान तेथे मुळात नसते, ते त्या रोपांच्या भित्तिकेत दिसू लागले.