चार ग्रॅमची पट्टी

पणजीत आमच्या टेनिस कोर्टवर संध्याकाळी खेळायला येणाऱ्या मुलांत एक सोळा वर्षांची मुलगी आहे. राज्यपातळीवर खेळते, फोरहँड असा मारते की पलीकडचा माणूस दोन पावलं मागे जाऊनच उभा राहतो. मी फिजिक्स शिकवतो हे तिला ठाऊक असल्यामुळे एक दिवस तिने दोन रॅकेटी माझ्यापुढे धरल्या. एकच कंपनी, एकच मॉडेल, गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवणं, तेही एकाच दिवशी केलेलं. "सर, दोन्हीचं वजन सारखं आहे. मग ही जड का लागते?"

घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. दोन्ही 322 ग्रॅम. मग एकेक रॅकेट आडवी धरून एका बोटावर तोलून पाहिली. तिथे उत्तर मिळालं. जिला ती जड म्हणत होती तिचा तोल दुसरीपेक्षा अर्धा सेंटिमीटर डोक्याकडे होता. कारखान्यातून येणाऱ्या रॅकेटींत एवढा फरक राहतोच. नवख्या खेळाडूला तो कळणारही नाही. रोज तीन-चारशे फोरहँड मारणाऱ्या मनगटाला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

हातोडा दांड्याला धरून फिरवा, मग उलटा करून लोखंडी डोक्याला धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी तो काडीसारखा फिरतो. वस्तू फिरवताना नुसतं वजन मोजून चालत नाही, ते हातापासून किती लांब आहे त्याचा वर्ग घ्यावा लागतो. रॅकेटच्या बाबतीत याला स्विंगवेट म्हणतात आणि ते मुठीच्या टोकापासून 10 सेंटिमीटरवरच्या आसाभोवती मोजतात. आता 4 ग्रॅमची शिशाची पट्टी घ्या. खेळाडू फ्रेमला चिकटवतात ती लेड टेप. ती रॅकेटच्या शेंड्याला लावली तर आसापासूनचं अंतर साधारण 58 सेंटिमीटर, म्हणून स्विंगवेट जवळजवळ 14 एककांनी वाढतं. (एकक म्हणजे किलोग्रॅम गुणिले सेंटिमीटरचा वर्ग.) तीच पट्टी फ्रेम जिथे दोन फाट्यांत दुभंगते तिथे लावली तर वाढ अडीच एककांची. मुठीच्या बुडात घातली तर अर्ध्या एककाचीही नाही. रॅकेटचं स्विंगवेट 315 च्या आसपास असेल, तर शेंड्याला लावलेली पट्टी वजन सव्वा टक्का वाढवते आणि फिरवण्यातलं जडपण चार टक्क्यांहून जास्त. म्हणून दुकानातल्या लेबलावरचा ग्रॅमचा आकडा वाचून रॅकेट घेणं मला नेहमी अर्धवट वाटतं.

आता पुढचा प्रश्न. डोक्याकडे जड असलेली रॅकेट जास्त ताकद देते का? देते, पण लोकांना वाटते तितकी नाही. चेंडू रॅकेटवर आदळतो तो सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्या वेळात जे होतं त्याचा हिशेब एका ओळीत मांडता येतो. परतणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे येणाऱ्या वेगाच्या 0.4 पट, अधिक रॅकेटच्या वेगाच्या 1.4 पट. हा 0.4 आकडा तारांच्या मध्यावरचा. शेंड्याकडे तो पार खाली येतो. समजा ताशी 60 किलोमीटरने चेंडू आला आणि रॅकेट ताशी 90 ने फिरली. 24 अधिक 126, म्हणजे 150. यातले 126 तुमच्या हाताचे आहेत. रॅकेट बदलून, पट्ट्या चिकटवून 0.4 चं 0.42 केलं तरी वाढ होते ताशी तीन किलोमीटरची. आणि ती वाढवण्यासाठी डोकं जड केलं की हात तेवढा मंदावतो. मिळालेलं आणि गमावलेलं जवळजवळ सारखंच.

सर्व्हिसला तर येणारा वेग नसतोच, सगळं 1.4 च्या बाजूला. नेटजवळ टप्पा पडण्याआधीच चेंडू मारतात त्या व्हॉलीला याच्या उलट. तिथे हात मागे न्यायला वेळ नसतो, म्हणून ताशी 80 ने आलेला चेंडू जेमतेम 20 ने पुढे ढकललेल्या रॅकेटवरून 60 ने परत जातो आणि त्यातले 32 समोरच्याने फुकट दिलेले असतात. लिएंडर पेस यांचं नाव गोव्यात आम्ही घरच्या माणसासारखं घेतो, त्यांचे वडील वेस पेस मूळचे इथले. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून 18 ग्रँड स्लॅम मिळवणाऱ्या या खेळाडूची नेटजवळची कला जुन्या चित्रणांत पाहा. हात फारसा हलत नाही, रॅकेट फक्त चेंडूच्या वाटेत घट्ट उभी राहते. तिथे रॅकेटच्या वजनाला खरी किंमत आहे.

मग आधुनिक रॅकेट चांगल्या खेळाडूला देते तरी काय? माझं उत्तर असं: ती जोर देत नाही, जोर लावायची मोकळीक देते.

हे समजायला एक गणित करून पाहू. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, ताशी 130 किलोमीटरने फिरकी न देता चेंडू मारला. समोरची बेसलाइन 23.77 मीटरवर, मध्ये 91.4 सेंटिमीटरची जाळी. हवेचा विरोध सोडून दिला, तर जाळीला जेमतेम न शिवता गेलेला चेंडू समोरच्या बेसलाइनच्या दीड मीटर आत पडतो. त्याहून फक्त 10 सेंटिमीटर वरून गेला तर नेमका रेषेवर. त्याच्याही वरून गेला की बाहेर. म्हणजे पूर्ण ताकदीने मारलेल्या सपाट चेंडूला जाळीच्या वर अर्धी वीत जागा आहे. प्रत्यक्षात हवेच्या विरोधाने ती बरीच रुंद होते, तरी अरुंदच राहते. एवढ्याशा फटीतून दर वेळी चेंडू काढायचा तर कोणीही शहाणा माणूस जोर कमी करील. लाकडी रॅकेटच्या काळात तेच करत.

टॉपस्पिन ही फट उघडते. पुढच्या बाजूने खाली फिरणारा चेंडू हवेला वर ढकलतो आणि स्वतः खाली दाबला जातो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. मग चेंडू जाळीच्या दीड-दोन हात वरून गेला तरी रेषेच्या आत कोसळतो. वेगवान कॅमेऱ्यांनी मोजलेले आकडे असे आहेत: नव्वदच्या दशकातले सॅम्प्रस आणि अगासी यांचा फोरहँड मिनिटाला सरासरी 1800 ते 1900 फेरे घेई, पुढच्या पिढीतल्या नदालचा सुमारे 3200. म्हणजे सेकंदाला 53.

यात मोठा वाटा तारांचा आहे. आमचा गटिंगवाला म्हापशाला बसतो. त्याच्या मशीनवर फ्रेम आडवी चढवलेली, एका बाजूला क्लॅम्प, आणि एकेक तार ओढून तो ती बोटाने छेडतो. घुमट या आमच्या वाद्याची वादी आवळून झाल्यावर वाजवणारा टिचकी मारून आवाज ऐकतो ना, अगदी तसं. मी त्याच्याकडे मुद्दाम दोन जुन्या रॅकेटी पाहायला मागितल्या, एक नायलॉनच्या तारांची, दुसरी पॉलिएस्टरच्या. नायलॉनच्या उभ्या तारा वाकड्यातिकड्या सरकून तिथेच अडकल्या होत्या. पॉलिएस्टरच्या मी बोटाने बाजूला ओढल्या आणि सोडल्या, तर टक्कन जागेवर आल्या. गुपित ते हेच. पॉलिएस्टर कडक आणि गुळगुळीत. रॅकेट चेंडूला खालून वर घासत जाते तेव्हा उभ्या तारा आडव्या तारांवरून बाजूला सरकतात, आणि चेंडू अजून तारांवर असतानाच उसळून परत येतात. येताना त्या चेंडूला आणखी एक पीळ देतात. हे सगळं त्या पाच मिलिसेकंदांत. पूर्वी खेळाडू दोन गुणांच्या मध्ये उभे राहून बोटांनी तारा सरळ करत बसायचे. हल्ली ते बरंच कमी दिसतं.

ही कल्पना नवी नाही. 1977 मध्ये एक विचित्र रॅकेट आली होती, स्पॅगेटी रॅकेट म्हणत तिला. तिच्यात उभ्या तारांचे दोन थर होते आणि ते आडव्या तारांत विणलेलेच नव्हते, त्यामुळे सैल घसरत. त्या वर्षी फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सला इली नास्तासेने ती घेऊन गिलेर्मो विलासला हैराण केलं. मातीच्या कोर्टवर कित्येक महिने न हरलेला विलास सामना अर्धवट सोडून निघून गेला. पुढे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तारा एकमेकींत विणलेल्याच असाव्यात असा नियम केला. त्यानंतर वीस वर्षांनी, 1997 मध्ये, ब्राझीलच्या गुस्तावो कुर्तेनने पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच ओपन जिंकली. तारा नियमाप्रमाणे विणलेल्या, तरी घसरणाऱ्या.

पण चेंडूला असं खालून वर घासायचं तर चेंडू तारांच्या नेमक्या मध्यावर येईलच असं नाही. वर-खाली थोडं चुकलं की रॅकेट हातात पीळ खाते. इथे फ्रेमची रुंदी कामाला येते. पिळाला होणारा विरोधही अंतराच्या वर्गाने वाढतो. डोकं सव्वापट रुंद केलं की विरोध दीडपटीहून जास्त होतो. लाकडी रॅकेटचं डोकं साधारण 65 चौरस इंचांचं असे. त्याहून मोठं केलं तर तारांच्या ताणाने लाकूड वाकायचं. हॉवर्ड हेड या विमान-अभियंत्याने 1976 मध्ये 110 चौरस इंचांची रॅकेट बाजारात आणली, तेव्हा चांगल्या खेळाडूंनी तिला म्हाताऱ्यांची रॅकेट ठरवलं. आता 95 ते 100 ही व्यावसायिकांची नेहमीची मापं आहेत. फेडररसारखा माणूससुद्धा 2014 मध्ये 90 वरून 97 वर गेला.

मोठं डोकं, हलकं वजन आणि कडक फ्रेम हे तिन्ही एकत्र जमवलं ते ग्रॅफाइटने. आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या आल्या त्यामागे जे शास्त्र आहे तेच इथे, फक्त काचेच्या धाग्यांऐवजी कार्बनचे धागे. धाग्यांच्या चादरी राळेत भिजवून नळीसारख्या गुंडाळतात, साच्यात घालून आतून हवा भरतात आणि भाजतात. आत पोकळी, ताकद सगळी कडेला. बांबूलाही निसर्गाने तीच रचना दिली आहे.

कडक फ्रेमचा फायदा कंपनांत दिसतो. चेंडू लागला की फ्रेम धनुष्यासारखी वाकते आणि थरथरते. लाकडी रॅकेट सेकंदाला शंभरेक वेळा थरथरे, ग्रॅफाइटची दीडशेच्या आसपास. फ्रेम जितकी कमी वाकते तितकी चेंडूची ऊर्जा थरथरण्यात कमी वाया जाते. हे घरी करून पाहण्यासारखं आहे. रॅकेटची मूठ दोन बोटांत सैल धरा आणि दुसऱ्या हाताने तारांवर शेंड्यापासून खालपर्यंत चेंडू आपटत या. बोटांना झिणझिण्या येत राहतील, आणि मध्याच्या आसपास एका जागी त्या एकदम नाहीशा होतील. स्वीट स्पॉट म्हणतात त्यातली एक जागा ही. आणखी एक प्रयोग: मूठ हातात धरून शेंड्याजवळ चेंडू वरून सोडा. तो उसळतच नाही, मेल्यासारखा पडतो. कॅरममध्ये एक सोंगटी दुसऱ्या थांबलेल्या सोंगटीवर समोरून आदळली की पहिली जागीच थांबते आणि दुसरी निघून जाते, तसंच इथे होतं. शेंड्याजवळ रॅकेट चेंडूला जणू त्याच्याच वजनाची भासते, म्हणून चेंडू आपली सगळी गती रॅकेटला देऊन मोकळा होतो. हीच गोष्ट सर्व्हिसला उलटी फिरते. तिथे रॅकेट गती देणारी, चेंडू घेणारा, आणि शेंड्याकडचा भाग फिरतोही जास्त वेगाने. म्हणून चांगले खेळाडू सर्व्हिस तारांच्या मध्याच्या थोडी वर घेतात.

तारांत अडकवायचं रबराचं बटण मात्र हाताला लागणाऱ्या या धक्क्यांवर काहीच करत नाही. ते तारांचा टिणटिण आवाज बंद करतं, बस. कोपर दुखतंय म्हणून ते लावणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो: त्याऐवजी पॉलिएस्टर काढा आणि मऊ तार घाला. पॉलिएस्टर त्याच्यासाठी आहे जो ती सरकवण्याइतक्या वेगाने हात फिरवतो. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाच्या हाती ती नुसती कडक सळी. शिवाय ती ताण लवकर सोडते, म्हणून मोठे खेळाडू प्रत्येक सामन्याआधी नवं गटिंग करून घेतात. आपल्यापैकी बरेच जण ती तुटेपर्यंत वापरतात, आणि ती लवकर तुटत नाही हाच तोटा.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे, पाऊस. गाईच्या आतड्यापासून केलेली नैसर्गिक गट हात सांभाळण्यात आजही सगळ्यात चांगली, पण ती ओलावा पिते, फुगते आणि उसवते. जूनमध्ये इथे उघड्या कपाटातली चामड्याची चप्पल आठवड्यात हिरवी होते, तिथे आतड्याच्या तारेचं काय होणार! नायलॉनही थोडा ओलावा घेतं. पॉलिएस्टर जवळजवळ नाही. माझा गटिंगवाला पावसाळ्यात गटची गुंडाळी तांदळाच्या डब्यात ठेवतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवणाऱ्यांवर चिडतो, कारण त्याने तारांना दिलेला 50 पाउंडांचा ताण उन्हात संध्याकाळपर्यंत उतरलेला असतो.

त्या मुलीच्या दोन रॅकेटी मी तिला परत दिल्या आणि सोबत शिशाच्या पट्टीचा तुकडा. जिचा तोल मुठीकडे होता तिच्या शेंड्याला तिने 4 ग्रॅम लावले. दहा मिनिटं खेळली आणि म्हणाली, आता हीच जड झाली. कात्री मागवली. बोटभर कापलं, पुन्हा खेळली. मग अजून थोडं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि मला सांगितलं की कुठलीही एक हातात द्या. दिली. दोन-तीनदा नुसतीच हवेत फिरवली.

"ही कुठली?" तिने विचारलं.