आभाळाचा उजेड नळीत का मावत नाही

भर दुपारी हिंजवडीत किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात काचेच्या एखाद्या इमारतीकडे खालून बघा. जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेमागे ओढलेले पडदे, आणि पडद्यांच्या फटीतून दिसणाऱ्या चालू लाइटी. बाहेर 1 लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) ऊन आहे, टेबलावर हवेत 300 ते 500 लक्स, आणि तेही विजेवर! ‘काच जास्त तर उजेड जास्त’ हा समज ब्रोशरमध्ये शोभतो. प्रत्यक्षात काचेलगत बसणाऱ्याच्या स्क्रीनवर ऊन येतं, तो पडदा ओढतो आणि त्याच्यामागच्या सगळ्या रांगा अंधारात जातात.

पडदा नसता तरी मागच्या रांगांचं फारसं भलं झालं नसतं. खिडकीची वरची कड जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड पोचतो. कड 3 मीटरवर असेल तर 6-7 मीटर. खात्री करायची असेल तर टेबलाच्या पृष्ठभागाला गाल टेकवून खिडकीकडे बघा. आभाळाचा तुकडा दिसला तर त्या टेबलावर आभाळातून थेट उजेड येतोय. नुसती समोरची इमारत दिसली, तर तुम्ही भिंती-छतावरून परतलेल्या उरल्यासुरल्या उजेडावर आहात. आजच्या ऑफिसांत काचेपासून 15 मीटर आतही माणसं बसतात.

यावर उपाय म्हणून अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो: गच्चीवर भिंगं, खाली उतरणाऱ्या ऑप्टिकल फायबर, तळघरात लख्ख ऊन, वीजबिल शून्य. यंत्र खोटं नाही. जपानमध्ये केई मोरी यांनी 1970च्या दशकातच ‘हिमावारी’ नावाचं असं यंत्र बनवलं. त्याची भिंगं सूर्यामागे वळत राहतात आणि ऊन फायबरच्या टोकावर गोळा करतात. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. भिंगातून प्रत्येक रंग किंचित वेगळ्या अंतरावर एकवटतो, म्हणून फायबरचं टोक दृश्य प्रकाशाच्या जागी ठेवलं की अतिनील आणि अवरक्त किरण बरेचसे बाहेरच राहतात. हिशोबही मोहात पाडणारा आहे: 1 चौरस मीटर उन्हात 1 लाख ल्युमेन (1 लक्स म्हणजे दर चौरस मीटरला 1 ल्युमेन), निम्मे वाया गेले तरी 100 चौरस मीटर ऑफिसाला 500 लक्स.

पण हे फक्त उन्हाचं. ढग आले की यंत्र आंधळं होतं, आणि ते भिंगं सुधारून बरं होणारं नाही.

उजेडाचा झोत अरुंद केला की त्याच्या दिशा फाकतात. क्षेत्रफळ आणि दिशांचा फाकाव यांचा गुणाकार (भौतिकशास्त्रात याला एटेंड्यू म्हणतात) आरसे-भिंगांच्या कितीही करामती केल्या तरी, उजेड न गमावता, कमी होत नाही. सूर्याची चकती आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाची, म्हणजे तिचे किरण जवळपास समांतर. फाकायला भरपूर वाव असल्याने हवेत ऊन तत्त्वतः 46,000 पटींपर्यंत दाटवता येतं. ढगाळ आभाळाचा उजेड मात्र आधीच सगळ्या दिशांनी येतो. त्याला आणखी फाकायला जागाच नाही, म्हणून तिथे ही मर्यादा 46,000 नसून 1 आहे. एका दिशेने चाललेली दिंडी अरुंद बोळातून निघते. जत्रेत चहूकडे तोंडं करून फिरणारी गर्दी त्याच बोळात घातली तर अडकते. हा नियम मोडता आला असता, तर कोमट वस्तूच्या प्रारणाने तिच्यापेक्षा गरम वस्तू आणखी तापवता आली असती, आणि ते उष्मागतिकी होऊ देत नाही.

म्हणून 1 चौरस मीटरवर पडणारा पावसाळी उजेड सगळाच्या सगळा खाली न्यायचा, तर नळीही 1 चौरस मीटरचीच हवी. बारीक नळीत आणखी एक अडचण. आतून आरसा लावलेल्या, 30 सेंटिमीटर रुंद नळीत 45 अंशांत शिरलेला किरण दर 30 सेंटिमीटरला भिंतीवर आपटतो. आरसा 98 टक्के परतवणारा असला तरी 9 मीटर खाली जाईपर्यंत 30 टप्पे होतात आणि उरतो 55 टक्के. मुंबई-कोकणात वर्षाचा तिसरा हिस्सा ढगाखाली जातो. तेव्हा बिल शून्यचं काय ते बघा.

दाटवता येत नसलं तरी उजेड वळवता येतो. त्याला नियमाची आडकाठी नाही. 1890च्या दशकात शिकागोच्या लक्सफर कंपनीने दुकानांच्या खिडक्यांच्या वरच्या भागात लोलकांच्या चौकोनी फरशा बसवायला सुरुवात केली. उंचावरून येणारा आभाळाचा उजेड त्या आडवा वळवून आत खोलवर सोडत. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी त्यांच्यासाठी नक्षी काढून दिली होती. 1938 मध्ये फ्लुरोसंट ट्यूब बाजारात आली, पुढे एअर कंडिशनिंग स्वस्त झालं, आणि इमारती बिनधास्त जाड होत गेल्या. हाँगकाँगच्या एचएसबीसी इमारतीत (1985) बाहेर लावलेले, संगणकाने फिरणारे आरसे मधल्या उंच पोकळीत ऊन टाकतात. देखणं काम आहे, पण पुन्हा उन्हाचंच.

गिरणगावातल्या विणकाम खात्यांची करवती छपरं आठवा. उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा, आणि प्रत्येक मागाला आभाळ दिसायचं. आता वास्तुवाले उत्तरेचं श्रेय कुबेराला देतात. कारण एवढंच की आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेकडून थेट ऊन न येता आभाळाचा मऊ उजेड येतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला जातो, पण तेव्हा बहुतेक दिवस ढग असतात. ऑस्ट्रेलियात हाच मऊ उजेड दक्षिणेकडून येतो. तिथे कुबेराने बदली मागितली असावी.

गिरण्यांच्या जागी मनोरे आले, आणि मनोऱ्यात छप्पर एकाच मजल्याला मिळतं. मग उरतो सरळ उपाय: इमारत सडपातळ करा किंवा मधोमध चौक सोडा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एनआरईएल या अक्षय ऊर्जेच्या सरकारी प्रयोगशाळेच्या 2010 च्या इमारतीत ऑफिसचे पंख सुमारे 18 मीटर रुंद आहेत, म्हणजे कुणीही खिडकीपासून 9 मीटरपलीकडे नाही. हैदराबादचं सीआयआय ग्रीन बिझनेस सेंटर चौकाभोवती गोल बांधलंय. आपल्या वाड्यांना हे ठाऊक होतं.

वीज वाचते हा मुद्दा मी फार ताणणार नाही. एलईडी आता वॅटमागे 100 ल्युमेनच्या पुढे गेलाय. ऊनही वॅटमागे साधारण तेवढेच ल्युमेन देतं, म्हणजे तेवढ्याच उजेडाला खोली दोन्हींनी जवळपास सारखीच तापते. खरी बाजू डोळ्यांची आहे. शरीराचं घड्याळ लावणाऱ्या, थेट प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दृष्टिपटलातल्या पेशी 2002 मध्ये सापडल्या. त्यांना 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड, तोही भरपूर, लागतो आणि 300 लक्सच्या खोलीत तो तुटपुंजा पडतो. तरीही सडपातळ इमारती बांधल्या जात नाहीत, कारण तितक्याच क्षेत्रफळाला बाहेरची भिंत जास्त लागते, आणि ऑफिसचं भाडं चौरस फुटावर ठरताना तो फूट खिडकीपासून 3 मीटरवर आहे की 15, हे कुणी विचारत नाही.