बारा तारांच्या गिटारची सर्वांत बारीक तार

बारा तारांच्या गिटारवरील सर्वांत बारीक तार पहिल्या जोडीत नसते, ती तिसऱ्या जोडीत असते (जोड्या उंच सुराच्या बाजूने मोजतात). बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या 'लाइट' संचात पहिल्या जोडीच्या दोन्ही तारा इंचाच्या दहा सहस्रांश, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर जाडीच्या असतात. तिसऱ्या जोडीतील वरच्या सप्तकाची 'जी' तार मात्र आठ किंवा नऊ सहस्रांशांची, म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते, आणि सर्वांत जास्त वेळा तुटते ती हीच. ती वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी जाड तार लावण्याचा मोह अनेकांना होतो. हा उपाय का चालत नाही हे एकदा नीट समजले, की उरलेल्या अकरा तारांची जाडी, म्हणजे गेज, ठरवणेही बरेच सोपे होते.

या गिटारवर तारांच्या सहा जोड्या असतात. ई, ए, डी आणि जी या खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार नेहमीच्या सुरात आणि तिची जोडीदार त्याच्या वरच्या सप्तकात लावतात. बी आणि वरची ई या उरलेल्या दोन जोड्यांत मात्र दोन्ही तारा एकाच सुरात असतात. ही विभागणी केवळ परंपरेने आलेली नाही, तिच्यामागे पोलादाची मर्यादा आहे.

तारेचा सूर तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिच्या दर मिलिमीटर लांबीचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. हा नियम फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडला होता. लांबी आणि सूर कायम ठेवून तारेची जाडी दुप्पट केली, तर तिचे वजन चौपट होते आणि तोच सूर मिळवण्यासाठी ताणही चौपट द्यावा लागतो. पण जाडी दुप्पट झाली की तारेच्या छेदाचे क्षेत्रफळही चौपटच होते. त्यामुळे पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा भार, ज्याला प्रतिबल म्हणतात, तसूभरही बदलत नाही. साध्या, म्हणजे वर धातूचे वेढे नसलेल्या तारेचे प्रतिबल केवळ सूर आणि लांबी यांवर अवलंबून असते. जाडीचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. एवढा साधा नियम असा अनपेक्षित निष्कर्ष देतो, हे मला ध्वनिशास्त्रातील फार सुंदर उदाहरण वाटते.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. तारेची मोकळी लांबी सर्वसाधारण गिटारवर सुमारे ६४८ मिलिमीटर असते. एवढ्या लांबीच्या तारेतून ३३० हर्ट्झचा वरचा ई सूर काढायचा, तर पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे १४६ किलो वजनाएवढा भार येतो. वरच्या सप्तकातील जी हा सूर ३९२ हर्ट्झचा, त्यामुळे तेथे हा भार २०६ किलोंवर जातो. वाद्यांसाठी ओढलेली इतकी बारीक पोलादी तार सुमारे २७५ किलोंपर्यंत टिकते. याचा अर्थ असा, की ही जी तार काहीही न वाजवता नुसती सुरात उभी असतानाच आपल्या क्षमतेच्या तीन चतुर्थांश भार सोसत असते. त्यात खुंटीभोवतीचा वळसा, नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांत टेकतात त्या पट्टीची, धार आणि तार पुन्हापुन्हा चढवण्या-उतरवण्याचा शीण यांची भर पडली, की ती तिथेच तुटते. बी तारेलाही वरच्या सप्तकाची जोडीदार द्यायची म्हटली, तर दर चौरस मिलिमीटरवर सुमारे ३२८ किलोंचा भार येईल, म्हणजे सुरापर्यंत पोहोचण्याआधीच तार तुटेल. म्हणूनच सप्तकाची जोडी जीपाशी संपते आणि बी व ई यांच्या वाट्याला समान सूर येतात.

जी तार टिकवायची असेल, तर जाडी वाढवून काहीही साधत नाही. उलट आठऐवजी नऊची तार लावली, की तिचा एकूण ताण सुमारे ६.७ किलोंवरून ८.५ किलोंवर जातो आणि प्रतिबल आहे तेवढेच राहते. बारीक तार साच्यातून अधिक वेळा ओढली गेल्याने तिचे पोलाद किंचित अधिक चिवटही असते. खरा फरक पडतो तो सूर उतरवल्याने. संपूर्ण गिटार एका स्वराने खाली, म्हणजे ईऐवजी डीला लावली, तर प्रत्येक तारेचा ताण सुमारे एक पंचमांशाने घटतो आणि जी तारेचे प्रतिबल २०६ वरून १६४ किलोंवर येते. मूळ सूर हवा असेल तेव्हा दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावता येतो. बारा तारांच्या गिटारचे विख्यात वादक लेड बेली आपले वाद्य नेहमीच्या सुरापेक्षा बरेच खाली लावत आणि त्यावर जाड तारा वापरत. त्या खर्जाला तशाच तारा हव्यात, कारण सूर उतरवला आणि तारा बारीकच ठेवल्या, तर त्या सैल पडून पडद्यांवर खडखडतात. एका स्वराने खाली लावायचे असेल, तर साध्या तारांची जाडी सुमारे १२ टक्क्यांनी वाढवल्यास पूर्वीचाच ताण परत मिळतो. दहाच्या जागी अकराची तार येते.

एकूण ताणाचा विचार येथे फार महत्त्वाचा आहे. सहा तारांच्या गिटारवर बारा सहस्रांशांपासून सुरू होणारा संच एकूण ७० ते ७५ किलोंचा ताण देतो. बारा तारांवर दहापासून सुरू होणारा, म्हणजे त्याहून बारीक संचसुद्धा, सुमारे ११० किलोंनी मान आणि ब्रिज (गिटारच्या अंगावरील तारा अडकवण्याची पट्टी) ओढत असतो. ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने दहावरून अकरावर जाणे वाटते तितके किरकोळ नाही: तेवढ्याने त्या तारेचा ताण २१ टक्क्यांनी वाढतो. सगळ्या बारा तारा अशा वाढवल्या, तर वाद्यावर वीस किलोंहून अधिक जादा भार येतो. ब्रिजमागे लाकूड फुगू लागले असेल किंवा मान पुढे झुकली असेल, तर नेहमीच्या सुरासाठी नऊपासून सुरू होणारा संच घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

जोडीतील समतोलाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. समान ताणासाठी साध्या तारेची जाडी सुराच्या वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असावी लागते. वरच्या सप्तकातील तारांवर सात किलोंचा ताण हवा असे धरले, तर जीसाठी आठ, डीसाठी अकरा आणि एसाठी साडेचौदा सहस्रांश असे उत्तर येते. तयार संचांत मात्र एसाठी बहुधा अठराची तार असते आणि तिच्यावर साडेदहा किलोंहून अधिक ताण पडतो. तिच्या जागी सोळाची तार लावली, तर हा ताण साडेआठ किलोंच्या आत येतो आणि जोडी दाबताना बोटाला लगेच हलके वाटते. अर्थात अति बारीक तार जोरात छेडल्यावर जास्त हेलकावते व शेजारच्या जाड तारेला आपटू शकते, त्यामुळे याहून खाली जाण्याची घाई करू नये.

साध्या तारेचा आणखी एक दोष याच नियमातून निघतो. कमी प्रतिबलावर असलेली साधी तार पडद्यावर दाबली की तिचा सूर अधिक चढतो, आणि हा चढ जाडी बदलून जात नाही. ए जोडीतील वरची तार वरच्या पडद्यांवर सतत चढी लागत असेल, तर तेवढ्याच ताणाची वेढ्यांची तार वापरून पाहावी. तिचा पोलादी गाभा बारीक असल्याने त्यावरील प्रतिबल जास्त असते आणि चढ कमी होतो. खर्जातील ई जोडीची वरची तार जवळजवळ प्रत्येक संचात वेढ्यांची असते, त्यामागेही हे एक कारण आहे.

जाडी बदलल्यावर नटच्या खाचा तपासाव्या लागतात: जाड तार अरुंद खाचेत अडकून सुरात येताना झटके देते, तर बारीक तार रुंद खाचेत सरकून खणखणते. नवा संच चढवल्यावर मानेला नव्या ताणाशी जुळवून घ्यायला एक-दोन दिवस द्यावेत आणि त्यानंतरच ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई, फिरवावा.