दीर्घिकांमधले वुल्फ-रायेट तारे: शोधाची पार्श्वभूमी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. तिचे ४ किलोमीटरचे बाहू कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपतील. अशा कृष्णविवरांचे पूर्वज म्हणून ज्या अतितप्त, जड ताऱ्यांकडे पाहिले जाते, ते वुल्फ-रायेट तारे.

१८६७ साली पॅरिस वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये यांना हंस तारकासमूहातल्या तीन ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार फोडलेल्या प्रकाशात, रुंद, तेजस्वी पट्टे दिसले. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बील्स यांनी कारण मांडले: ताऱ्याचे बाहेरचे थर सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने सुटत असतात. त्यातला काही वायू आपल्याकडे येतो, काही दूर जातो, म्हणून रेषा पसरते. असा एक तारा मराठवाड्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फेब्रुवारीअखेर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्याच्या डावीकडे, थोडा वर, गॅमा व्हेलोरम शोधावा.

दूरच्या दीर्घिकेत तारे सुटे दिसत नाहीत, एकत्रित वर्णपटच हाती येतो. १९७६ मध्ये हेनाइझ २-१० या दीर्घिकेत या ताऱ्यांची खूण असलेली आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमची ४६८६ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रुंद रेषा सापडली आणि अशा दीर्घिका शोधायची वाट खुली झाली. १९९१ च्या यादीत अशा ३७ दीर्घिका होत्या, १९९९ मध्ये १३९. पुढे २००८ मध्ये स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाच्या वर्णपटांतून ५७० निघाल्या.

हे वर्णपट कोणालाही मोफत उतरवून घेता येतात, त्यामुळे नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यालाही हे काम जमेल. आधी ताम्रसृतीची, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने रेषा लांब तरंगलांबीकडे सरकतात त्याची, दुरुस्ती करा. ती ०.०२ असेल तर ४६८६ ची रेषा ४७८० जवळ सरकलेली असते. शिवाय स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या असतात, हवेतल्या आकड्यापेक्षा सुमारे १.३ अँगस्ट्रॉम जास्त. मग जुन्या ताऱ्यांचा प्रकाश वजा करा. ही पायरी ढिली राहिली, तर त्यांच्या शोषणरेषांमधली (वर्णपटातल्या काळ्या रेषांमधली) मोकळी जागाच उंचवट्यासारखी भासते. त्यानंतर ४६०० ते ४७०० चा पट्टा बारकाईने पाहा.

खरी फसगत इथेच होते. तप्त वायूच्या मेघातूनही ४६८६ ची रेषा येते, पण ती बारीक, टोकदार असते. शेजारी ४६५८ ला लोहाची आणि ४७११ ला अर्गॉनची बारीक रेषाही असते. या सगळ्या वेगळ्या बसवून काढल्यावर खाली पसरट उंचवटा उरला, तरच तो ताऱ्यांचा म्हणावा. ५८०८ जवळ कार्बनचा दुसरा उंचवटा दिसला, तर कार्बनवाल्या वुल्फ-रायेट ताऱ्यांचीही खूण पटते.

काही सापडले नाही, म्हणून तारे नाहीतच असे मात्र लिहू नये. जड मूलद्रव्ये कमी असलेल्या दीर्घिकांत या ताऱ्यांच्या रेषा मुळातच क्षीण असतात, आणि गोंगाट जास्त असलेल्या वर्णपटात त्या सहज बुडून जातात.